रिफंड कमी का आला, आणि उरलेल्या युरोंचं काय करायचं

तुमचे प्रश्न तीन: पॅरिसचं रद्द केलेलं हॉटेल ४०० युरो परत देऊनही क्रेडिट कार्डावर साधारण १,९०० रुपये कमी आले, आम्सटरडॅमच्या हॉटेलचं डिपॉझिट अजून अडकलंय, आणि घरात ३४० युरो नि मूठभर स्विस चिल्लर पडून आहे.

पहिल्या प्रकरणात हॉटेलने तुम्हाला फसवलेलं नाही. ४०० घेतले, ४०० दिले. बुकिंगच्या दिवशी युरो ९० रुपये धरा: झाले ३६,०००. त्यावर साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे परकी चलनातल्या खर्चावर बँक लावते तो जादा आकार, १,२६० आणि मार्कअपवर १८ टक्के जीएसटी २२७. म्हणजे गेले ३७,४८७. रिफंडच्या दिवशी दर ८९ असेल तर आले ३५,६००. मार्कअप बँका सहसा परत देत नाहीत. ‘फ्री कॅन्सलेशन’ दिसलं की दोन-तीन हॉटेलं धरून ठेवायची आपली सवय असते ना, ती हॉटेलवर पोचून पैसे भरायचे असतील तरच परवडते. आगाऊ कापून घेणाऱ्या बुकिंगला प्रत्येक वेळी हा भुर्दंड बसतो.

डिपॉझिट हा रिफंड नसतोच बहुधा. तो ब्लॉक असतो: पैसे कार्डातून जात नाहीत, तेवढी मर्यादा अडकून राहते आणि काही दिवसांनी आपोआप सुटते. स्टेटमेंटवर खरोखर खर्च म्हणून आला असेल तर मात्र हॉटेलला मेल करा. ‘आम्ही पाठवले’ असं उत्तर आलं की एआरएन मागा. तो २३ आकडी नंबर असतो, त्यावरून आपली बँक पैसे शोधू शकते. नुसत्या ‘पाठवले’वर बँकेत कुणी हलत नाही.

मी एकदा शहाणपणा करून डिपॉझिटसाठी फॉरेक्स कार्ड (आधीच परकी चलन भरून घेतलेलं कार्ड) पुढे केलं. दीडशे युरो अडकले आणि उरलेले चार दिवस माझेच पैसे मला वापरता येईनात. तेव्हापासून रिसेप्शनवर क्रेडिट कार्ड, बाकी खर्चाला फॉरेक्स. आणि हो, एखादा रिफंड फॉरेक्स कार्डावर यायचा असेल तर तो येईपर्यंत ते कार्ड बंद करू नका. बंद कार्डावरचा रिफंड शोधायला फार खेटे घालावे लागतात.

आता नोटा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने परत आल्यापासून १८० दिवसांत उरलेलं चलन बँकेत किंवा अधिकृत मनी चेंजरकडे द्यायचं. पण २,००० डॉलरपर्यंतच्या मूल्याच्या नोटा जवळ ठेवता येतात. तुमचे ३४० युरो त्यात आरामात बसतात. पुढच्या वर्षी परत युरोपला जायचं पक्कं असेल तर विकू नका, कारण विकताना एकदा आणि पुन्हा घेताना एकदा अशी दोनदा कात्री लागते. विकायचेच असतील तर शहरातल्या दोन-तीन चेंजरांना फोन करून ‘तुम्ही युरो घेताय कितीला?’ असं विचारा, ‘आजचा रेट काय’ असं नाही. विमानतळावरचा काउंटर शेवटचा पर्याय. व्यवहारावर जीएसटी लागतो, किमान ४५ रुपये. सोसायटीतल्या कुणाला परस्पर विकणं नियमात बसत नाही.

नोटा ठेवणार असाल तर मधूनमधून चलनातून बाद झाल्या नाहीत ना, ते बघा. माझी २० पौंडांची कागदी नोट कपाटातच राहिली आणि ३० सप्टेंबर २०२२ नंतर ती लंडनच्या दुकानात चालेनाशी झाली.

चिल्लर चेंजर सहसा घेत नाहीत. ठेवायला मात्र मर्यादा नाही. पाच फ्रँकचं एक नाणं म्हणजे आपले पाचशेच्या आसपास, तेव्हा फ्रिजवरच्या वाटीत टाकून विसरू नका. पुढच्या खेपेला शेवटच्या सकाळी रिसेप्शनवर शहर-कर आणि पाण्याच्या बाटल्यांचं बिल द्यायचं असतं, तेव्हा सगळी नाणी काउंटरवर ओता, कमी पडेल तेवढंच कार्डावर. समोरचा मोजताना जरा तोंड वाकडं करतो, पण घेतो.