सुनेच्या चर्चमध्ये आम्हाला प्रभुभोजन मिळंल का?

प्रश्न : आम्ही जालन्याचे, सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). मुलगा हैदराबादला, सून तेलुगू, लुथरन. पुढच्या महिन्यात नातवाचा बाप्तिस्मा तिच्या माहेरच्या चर्चमध्ये आहे, आम्ही सगळेच जायलोत. विहीणबाई फोनवर म्हणल्या त्या दिवशी प्रभुभोजन पण आहे पण बाहेरच्यांना देतात का ते पास्टरला विचारावं लागंल. बाहेरचे म्हणजे काय हो, आम्ही ख्रिस्ती नाही का? मिस्टर तर रुसूनच बसलेत. सोबत लेकीचा 9 वर्षांचा मुलगा आहे आणि बहिणीची सून पण, तिचा बाप्तिस्मा झालेला नाही. कुणी पुढं जावं?

उत्तर : ताई, मिस्टरांचा रुसवा समजतो, पंगतीत पान वाढायला उशीर झाला तरी आपल्याकडं लोक वर्षभर बोलून दाखवतात. पण इथं भानगड मानपानाची नाहीये. लुथरन मंडळी मानतात की प्रभुभोजनाच्या भाकर आणि द्राक्षारसात प्रभूचं शरीर आणि रक्त खरोखर हजर असतं, नुसती आठवण नाही. 1529 ला जर्मनीत मारबुर्गला लुथरन पंथाचा मूळ पुरुष मार्टिन लुथर आणि स्वित्झर्लंडचा धर्मसुधारक झ्विंगली बोलणी करायला बसले, 15 पैकी 14 मुद्द्यांवर जमलं आणि गाडी अडली ती इथंच, लुथरनं म्हणे टेबलावर खडूनं 'हे माझे शरीर आहे' लिहून ठेवलं अन् शेवटपर्यंत हटला नाही. आता जालन्यातलं जुनं मिशन स्कॉटिश, पाद्री नारायण शेषाद्रींनी वसवलेलं बेथेल गाव त्यातलंच, म्हणजे झ्विंगली-कॅल्विनच्या बाजूचं घराणं. ते जुनं भांडण आता तुमच्या सोयरिकीत आलंय म्हणायचं!

तर शरीर खरंच आहे म्हटल्यावर बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा 11 वा अध्याय त्यांना फार जड वाटतो, तिथं पौल म्हणतो की शरीर न ओळखता जो खाईल तो स्वतःवरच दंड ओढून घेईल. म्हणून पास्टर विचारतात, तुम्हाला कमी लेखायला विचारत नाहीत.

आता देतात का. लुथरन म्हणजे सगळं एकच चर्च नाही. इंडिया इव्हँजेलिकल लुथरन चर्च अमेरिकेतल्या मिसुरी सिनॉड ह्या कडक लुथरन चर्चच्या वळणाचं, तिथं आपल्याच शिकवणीचा माणूस लागतो, पाहुण्यांनी बसून राहायचं. याउलट युरोपात लुथरन आणि रिफॉर्म्ड (म्हणजे झ्विंगली-कॅल्विनच्या बाजूच्या) चर्चेसनी 1973 लाच एकमेकांना मेज मोकळं केलं, आणि अमेरिकेतलं सगळ्यात मोठं लुथरन चर्च तर बाप्तिस्मा झालेल्या पाहुण्याला सरळ बोलावतं. हैदराबादकडं आंध्र इव्हँजेलिकल लुथरन चर्च जास्त, सुनेचं कोणतं ते आधी बघा. मला विचाराल तर बाप्तिस्मा झालेल्याला थांबवू नये असंच वाटतं, पण दुसऱ्याच्या घरात त्याचीच रीत.

बहिणीच्या सुनेनं मात्र घेऊ नये, बाप्तिस्म्याआधी प्रभुभोजन नाही ही जुनी रीत आहे, तिथं आपलं नि त्यांचं भांडणच नाही. बऱ्याच ठिकाणी अशांना पुढं बोलावून नुसता आशीर्वाद देतात, तेवढं विचारून घ्या. लेकीच्या मुलाचं म्हणाल तर दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर जाणत्या वयात स्वतः विश्वास कबूल करायचा विधी) झालेलं नसंल, जुन्या वळणाच्या लुथरन चर्चमध्ये त्याआधी देत नाहीत, त्याला शेजारी बसवा, चॉकलेट जवळ ठेवा.

अजून एक, तुमच्याकडं कुणी सकाळपासून उपाशी राहून जात असंल तर खुशाल राहा. लुथर लहान कॅटेकिझम ह्या आपल्या शिकवणीच्या छोट्या पुस्तकात म्हणतो उपास चांगलाच, पण खरा तयार तोच ज्याचा 'तुमच्यासाठी दिलेले' ह्या शब्दांवर विश्वास आहे. शुगरच्या पेशंटनं नाश्ता करूनच निघावं, उपासना लांबते.

फोन मुलाला करायला लावा, तोही आठवडाभर आधी, रविवारी सकाळी दारात उभं राहून पास्टरला गाठू नका. मिस्टर स्वतः बोलले तर अजून बरं, बाप्तिस्मा कधी, दृढीकरण कधी, एवढंच विचारतील.