नाणेघाटाला परत जायच्या आधी गाडीतला एक छोटा सॉकेट शोधा

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. गेल्या रविवारी पुण्याहून नाणेघाटाला निघालात, चावंडच्या पुढे टायर बसला, स्टेपनीत हवा नाही, गाडीत दोन मुलं आणि गुडघेदुखीची आई, कुणीतरी पंप दिला म्हणून जुन्नर गाठलं आणि काहीच न बघता घरी. आता विचारताय की शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाट एका दिवसात होईल का. त्यावर येतोच, पण आधी माझं ऐका, कारण स्टेपनीत हवा भरून घेतली म्हणजे सुटलो असं तुम्हाला वाटत असेल तर मलाही तसंच वाटलं होतं. पहाटे निघा, चाकण उजाडायच्या आत पार करा वगैरे तुम्हाला माहीत असणार, ते सोडून देतो.

2019 चा ऑगस्ट. आम्ही पाच जण, वडील तेव्हा 74 चे, शुगरचे पेशंट. नाणेघाट बघून परत येताना घाटघर सोडल्यावर समोरून टेम्पो ट्रॅव्हलर आला, त्याला साइड द्यायला गाडी डावीकडे दाबली आणि डांबराच्या तुटक्या कडेने पुढचा टायर फाटला. तळाला खिळा घुसला असता तर पंक्चर किट होतं, पण साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भागाला, कट गेला की स्ट्रिप भरून काही उपयोग नसतो, टायर गेलाच. स्टेपनी फुल होती, आदल्या दिवशीच चेक केलेली. पाना लावला, तीन नट सुटले आणि चौथ्यावर पाना बसेचना. खाली वाकून टॉर्च मारून बघितलं तर तो नट बाकीच्यांसारखा षटकोनी नाहीच, गोल, आणि वर फुलासारखी नक्षी.

तो लॉक नट. अलॉयची महागडी चाकं चोरीला जाऊ नयेत म्हणून प्रत्येक चाकाला एक असतो आणि तो काढायला त्याच नक्षीचा अंगठ्याएवढा सॉकेट लागतो. आमचा टूलकिटबरोबर एका कापडी पाऊचमध्ये असायचा. पाऊच होता, आत सॉकेट नव्हता. आठ दिवसांपूर्वी सर्व्हिसिंगला टायर रोटेशन (चाकांची अदलाबदल) केलं होतं, तिथे वापरला आणि परत ठेवलाच नाही.

पुढचे चार तास आठवले की आजही अंगावर काटा येतो. धुकं, पाऊस, फोनला रेंज नाही, थोडं वर चढून एका दगडावर उभं राहिलं की एक काडी. तिथून सर्व्हिस सेंटरला फोन लावला तर म्हणे आमच्याकडे नाही, तुमच्या गाडीतच बघा. मग रोडसाइड असिस्टन्स. दरवर्षी पैसे भरून घेतलेली ती सेवा, आणि समोरचा माणूस पिनकोड विचारतोय. मी सांगतोय जुन्नर तालुका, घाटघर, नाणेघाटाचा रस्ता, आणि तो म्हणतोय सर लिंक पाठवलीय, त्यावर क्लिक करून लोकेशन शेअर करा, त्याशिवाय तक्रार नोंदवता येत नाही. अहो नेट असतं तर केलं नसतं का? तीन वेळा फोन कट झाला, तिन्ही वेळा नवा माणूस आणि पुन्हा पहिल्यापासून. वडिलांची रात्रीची गोळी घरी, बायको बॅगेत बिस्किटं शोधतेय, धाकटी रडून रडून झोपून गेलेली. संकटात सापडलेल्या माणसाला फॉर्म भरायला लावणं हे मला तेव्हाही समजलं नाही, आजही समजत नाही.

शेवटी काम झालं ते माणसांमुळे. जुन्नरकडे जाणाऱ्या एसटीला हात केला, कंडक्टरकडे निरोप दिला. जवळच्या घरातल्या आजींनी आम्हाला आत बोलावलं, ओट्यावर हिरड्याची पोती होती ती सरकवून जागा केली, चहा दिला आणि वडिलांना शुगर आहे म्हटल्यावर न विचारता भाकरी आणि कोरड्यास वाढलं. साडेसातला जुन्नरचा एक पंक्चरवाला पोरगा पावसात बाइकवर आला. त्याने नटापेक्षा किंचित लहान असलेला एक जुना सॉकेट हातोड्याने ठोकून त्या नटावर घट्ट बसवला, पान्याला लांब पाइप अडकवून जोर दिला, कडाक करून आवाज आला आणि नट सुटला. दहा मिनिटांचं काम. (नट कामातून जातो आणि अलॉयला ओरखडे पडतात, म्हणून ही शेवटची पायरी समजा. मी मेकॅनिक नाही, बघितलं ते सांगतोय.)

सोमवारी सर्व्हिस सेंटरला गेलो तर त्यांनी माझ्यासमोर जॉब कार्ड ठेवलं. सामानाच्या यादीत स्टेपनी, जॅक, पाना सगळ्यावर टिक, लॉक नटच्या सॉकेटचा उल्लेखच नाही आणि खाली माझी सही. चूक माझी इथे झाली, न वाचता सही केली. म्हणून आता गाडी देताना अ‍ॅडव्हायजरला "लॉक नट सॉकेट 1" असं हाताने लिहायला लावतो आणि घेताना डिकी उघडून तो हातात घेऊन बघतो, मगच सही. माझं तर मत असं झालंय की घाटरस्त्यांवर फिरणाऱ्यांनी लॉक नट काढून साधेच नट लावावेत. काही जणांना हे पटणार नाही, ज्यांची गाडी रात्री रस्त्यावर उभी असते त्यांचं गणित वेगळं असू शकतं.

आता तुमचा प्रश्न. तिन्ही एका दिवसात नका करू. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, शिवनेरीलाही गाडी पायथ्याला ठेवून पायऱ्या चढत सात दरवाजे पार करायचे, एका गुडघ्याला एका दिवशी दोन्ही म्हणजे अन्याय आहे. शिवनेरीला वेगळा दिवस ठेवा. 1630 साली महाराज जन्मले ती जागा मुलांना घाईघाईत दाखवून खाली आणण्यात काय अर्थ आहे, शिवाई देवी, गंगा-जमुना टाकी, कडेलोट, सगळं निवांत बघू दे.

नाणेघाटाच्या दिवशी जाताना पूरच्या कुकडेश्वराला थांबा, कुकडी नदी तिथेच उगम पावते आणि जुन्या मंदिराचं कोरीवकाम आईंना जवळून बघता येईल. घाटावर गाडी बरीच वरपर्यंत जाते, जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण आणि समोरचा जीवधन किल्ला त्यांना तिथूनच दिसेल. गुहेकडे उतरायच्या पायऱ्या मात्र पावसाळ्यात शेवाळलेल्या असतात, तिथे त्यांना नेऊ नका. मोठ्या मुलाला जरूर न्या. बहुतेक लोक वाऱ्याने पाणी वर उडतं तो उलटा धबधबा बघून सेल्फी काढून निघून जातात, पण त्या गुहेत भिंतीवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे, कुठल्या यज्ञात किती गाई, किती हत्ती, किती कार्षापण (तेव्हाची नाणी) दान दिले ते आकड्यांत कोरलंय, दोन हजार वर्षांपूर्वीचे आकडे. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या, आता वर नावं आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. माझ्या मोठ्या मुलीने त्या पावलांसमोर आपली पावलं ठेवून बघितली होती. त्या दिवसाचं तिला टायरपेक्षा हेच जास्त लक्षात आहे.

परतीला वेळ उरला तर ओझरला जा, विघ्नहराचं देऊळ सपाटीवर आहे, आईंना त्रास नाही. जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार मी तरी आता टाळतो, अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागली की ना पुढे जाता येतं ना मागे. सप्टेंबरअखेर जा, हिरवं असतं, सोनकी फुललेली असते आणि धुकं कमी. पेट्रोल जुन्नरलाच भरा, वडीलधाऱ्यांच्या गोळ्या रात्रीच्या धरून घ्या आणि वाटेत कुठे घरगुती मासवडी मिळाली तर बाजरीच्या भाकरीबरोबर खाऊन बघा, तिकडची चव पुण्यात येत नाही.

तुमची गाडी कुठली, अलॉय आहेत का? चाकाच्या नटांचा फोटो टाकलात तर लॉक नट आहे का ते बघून सांगतो.