काका म्हणतात, पोट उघडूनच करा

प्रश्न : डॉक्टर, माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. मोठ्या आतड्याच्या डाव्या भागात, सिग्मॉइडमध्ये, कॅन्सरची गाठ निघाली आहे. सीटी स्कॅनमध्ये यकृत आणि फुप्फुसं स्वच्छ दिसली. सर्जन दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करू म्हणतात. काका मात्र हट्टाला पेटलेत. त्यांचं म्हणणं, कॅन्सर आहे, पोट पूर्ण उघडून, हात घालून, नीट बघूनच काढायला हवा. दुर्बिणीत काही राहून गेलं तर? बाबा म्हणतात, तू ठरव. मी काय ठरवू?

उत्तर : काकांवर रागावू नका. त्यांना वाटते ती भीती एके काळी सर्जनांनाही वाटत होती, आणि तिला कारण होतं. मोठ्या आतड्याचा भाग दुर्बिणीतून काढायला १९९०च्या आसपास सुरुवात झाली. थोड्याच वर्षांत विचित्र बातम्या येऊ लागल्या. पोटावरच्या ज्या छिद्रातून नळी घातली होती, नेमक्या त्याच जागी काही रुग्णांना कॅन्सर उगवला होता. बऱ्याच जणांनी कॅन्सरसाठी दुर्बीण बाजूला ठेवली. पुरावा हाती येईपर्यंत थांबायचं, असं ठरलं.

तो पुरावा २००४ साली आला. अमेरिकेत झालेल्या ‘कॉस्ट’ नावाच्या चाचणीत ८७२ रुग्ण होते. कोणाचं पोट उघडायचं आणि कोणाची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून करायची, हे चिठ्ठी काढावी तसं ठरवलं गेलं होतं, डॉक्टरांच्या मर्जीने नव्हे. तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा कॅन्सर परत आलेल्यांचं प्रमाण दुर्बिणीच्या गटात १६ टक्के होतं, उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात १८ टक्के. हयात असलेले ८६ आणि ८५ टक्के. म्हणजे फरक नाहीच. आणि ज्या जखमेतल्या कॅन्सरची एवढी धास्ती होती, तो दोन्ही गटांत एक टक्क्याहूनही कमी निघाला. नंतर युरोपातल्या चाचण्यांनीही मोठ्या आतड्याच्या बाबतीत हेच दाखवलं.

‘कॉस्ट’ चाचणीतली एक गोष्ट मी माझ्याकडे शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगत आले आहे. तिथे वाटेल त्या सर्जनाला घेतलं नव्हतं. आधी अशा किमान २० शस्त्रक्रिया केलेल्या हव्यात आणि स्वतःच्या शस्त्रक्रियेची न कापलेली चित्रफीत तपासायला द्यायला हवी, अशी अट होती. तो चांगला निकाल नुसत्या दुर्बिणीचा नाही. सरावलेल्या हातातल्या दुर्बिणीचा आहे.

आता ‘राहून गेलं तर’ याबद्दल. दोन्ही पद्धतींत आतून काढायचं ते तेच असतं. गाठ, तिच्या दोन्ही बाजूंचं निरोगी आतडं, त्या भागाला रक्त पुरवणारी रक्तवाहिनी मुळाशी बांधून तिच्याभोवतीच्या लसिकाग्रंथींसकट (कॅन्सर बहुधा आधी पसरतो त्या लहान गाठी) आतड्याला धरून ठेवणारा पंख्यासारखा सगळा पडदा. आतडं बाहेर काढायला शेवटी चार-सहा सेंटिमीटरचा छेद द्यावाच लागतो. काढलेला भाग पॅथॉलॉजीकडे जातो आणि तिथे किमान १२ ग्रंथी तपासल्या जाव्यात अशी अपेक्षा असते. तो रिपोर्ट मागून घ्या आणि हा आकडा स्वतः वाचा. काकांच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्या कागदावर असेल.

दुर्बिणीत दिसतं उलट जास्त, कारण पडद्यावर सगळं मोठं होऊन येतं. गमावतो तो स्पर्श. उघड्या पोटात बोटांना गाठ लागते, लांब उपकरणाच्या टोकाला लहान गाठ लागत नाही. म्हणून कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून नळी घालून आतड्याची आतून तपासणी, करतानाच गाठीजवळ आतड्याच्या भिंतीत काळी शाई टोचून ठेवतात. ती शस्त्रक्रियेत बाहेरून दिसते. बाबांची गाठ लहान असेल तर शाई टोचली आहे का, हे जरूर विचारा.

मग फायदा काय? दुखणं कमी. पोटातला वायू लवकर सरतो, जखम पिकण्याचं प्रमाण कमी, पुढे जखमेतून हर्निया होण्याची शक्यता कमी. रुग्णालयातला मुक्काम ‘कॉस्ट’ चाचणीत पाच दिवस होता, उघड्या गटात सहा. ऐकायला फरक थोडा वाटेल. पण ७१ वर्षांच्या माणसाला न कळवळता खोल श्वास घेता येणं आणि खोकता येणं ही लहान गोष्ट नाही. म्हातारपणी पोटाच्या मोठ्या जखमेमुळे श्वास उथळ होतो, छातीत कफ साठतो, न्यूमोनिया होतो. माझ्या मते वयस्कांना दुर्बिणीचा लाभ सगळ्यात जास्त होतो तो इथे.

आणि जे बदलत नाही तेही सांगते. आतड्याची दोन टोकं जोडलेली असतात, तो जोड गळण्याचा धोका दुर्बिणीने नाहीसा होत नाही. बाहेर टाके चार असोत की चाळीस, आत जोड तोच आहे.

शस्त्रक्रियेनंतर काय होतं यालाही तेवढंच वजन आहे. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट यांनी १९९०च्या दशकात दाखवलं की वेदना नीट आवरल्या, नळ्या लवकर काढल्या, त्याच किंवा दुसऱ्या दिवशी तोंडाने खायला दिलं आणि रुग्णाला उठवून चालवलं, तर तो कितीतरी लवकर सावरतो. नेदरलँड्समधल्या ४०० रुग्णांच्या चाचणीत दुर्बीण आणि ही पद्धत एकत्र वापरली तेव्हा मुक्काम सर्वांत कमी झाला. त्यामुळे बाबांना दुसऱ्या दिवशी चालवायला परिचारिका आली, तर ‘राहू द्या, थकलेत’ असं कृपा करून म्हणू नका.

काकांचं मी कधी ऐकलं असतं? गाठीने आतडं अडून पोट टम्म फुगलं असेल, गाठ शेजारच्या अवयवात घुसली असेल, आधीच्या शस्त्रक्रियांनी आत सगळं चिकटलं असेल, किंवा पोटात भरलेला वायू आणि डोक्याकडून खाली झुकवलेलं टेबल सोसण्याइतकं हृदय धड नसेल तर. आणखी एक. सर्जन हे काम क्वचितच करत असतील तरीही. अनुभवी हाताने पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया नवख्या हातच्या दुर्बिणीपेक्षा मी केव्हाही पत्करेन.

म्हणून सर्जनांना विचारा : वर्षाला अशा किती करता, मधेच पोट उघडावं लागतं असं किती वेळा होतं, जोड किती जणांचा गळतो. जो मोजतो तो सांगतो. आणि या भेटीला काकांना सोबत न्या. त्यांना घरी ठेवून घेतलेला निर्णय त्यांच्या गळी उतरणार नाही.

प्रश्न : माझी शस्त्रक्रिया दुर्बिणीने सुरू झाली, पण शुद्धीवर आलो तर पोटावर मोठा छेद! आतडी चिकटलेली होती म्हणाले. सही आधीच घेतली होती म्हणून बोलायची सोय नाही. डॉक्टरांना जमलं नाही, असंच समजायचं ना?

उत्तर : तुमचा राग समजतो. चार छिद्रांची तयारी करून झोपलेल्या माणसाला जाग येताना असा धक्का बसायला नको, आणि आधी सही घेतली म्हणून नंतर शांतपणे समजावून सांगायचं कर्तव्य संपत नाही. तुमच्या शस्त्रक्रियेची लेखी नोंद मागा आणि समोर बसून समजून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

पण ‘जमलं नाही’ हा निष्कर्ष काढू नका. ‘कॉस्ट’मध्ये २१ टक्के रुग्णांचं पोट मधेच उघडावं लागलं होतं; ब्रिटनमधल्या ‘क्लासिक’ चाचणीत २९ टक्के. सराव वाढला तसं हे प्रमाण पुढे खाली आलं, तरी शून्य झालेलं नाही. चिकटलेली आतडी सोडवताना आतड्याला भोक पडू शकतं. डावीकडे काम करताना मूत्रवाहिनी स्पष्ट ओळखता आली नाही तर पुढे कापायचंच नाही. रक्तस्राव आटोक्यात येईना तर थांबायचं. अशा वेळी पोट उघडणारा सर्जन तुमचा जीव जपत असतो. ज्यांचं मला भय वाटतं ते तासन्‌तास दुर्बिणीलाच धरून राहतात आणि नाइलाज झाल्यावर पोट उघडतात. त्यांच्या रुग्णांना जास्त सोसावं लागतं. तुमच्या नोंदीत तो निर्णय किती लवकर घेतला, एवढं पाहा.

प्रश्न : बहिणीला गुदाशयाचा कॅन्सर आहे, अगदी खाली. रोबोने केल्यास खात्रीशीर बरं होतं, असं ऐकलं. खरं का?

उत्तर : खात्री कुणीच देऊ शकत नाही. गुदाशय कंबरेच्या हाडांच्या अरुंद पोकळीत खोल असतो; तिथे काम करणं सिग्मॉइडपेक्षा पुष्कळ अवघड. ब्रिटिश सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ साली मांडलं की गुदाशय त्याच्याभोवतीच्या चरबीच्या आवरणासकट अखंड काढला तर कॅन्सर तिथेच परत येणं खूप घटतं. ते आवरण फाटता कामा नये. साधन कोणतंही असो, कसोटी ही.

साध्या दुर्बिणीबद्दल इथे मतं दुभंगली. २०१५ साली मुख्यतः युरोपात झालेल्या १,०४४ रुग्णांच्या चाचणीत तीन वर्षांत त्याच जागी कॅन्सर परतण्याचं प्रमाण दोन्ही गटांत ५ टक्के आलं; त्याच वर्षीच्या दुसऱ्या दोन चाचण्यांना मात्र काढलेला भाग उघड्या शस्त्रक्रियेइतकाच निर्दोष असतो, हे सिद्ध करता आलं नाही. रोबोचं पहिलं मोठं उत्तर २०१७ साली आलं : ४७१ रुग्ण, मधेच पोट उघडावं लागण्यात साध्या दुर्बिणीपेक्षा ठोस फरक नाही. नंतर चीनमध्ये, अनुभवी सर्जनांच्या हातून, तीन वर्षांत कॅन्सर त्या भागात परतण्याचं प्रमाण रोबोच्या गटात १.६ आणि साध्या दुर्बिणीच्या गटात ४ टक्के आढळलं. मला हा निकाल आशादायक वाटतो. पण रोबो आपणहून काही करत नाही, सर्जन त्याच्या हातांनी करतो. बहिणीसाठी यंत्राआधी हे विचारा : आधी रेडिएशन लागेल का, तात्पुरती शौचाची पिशवी पोटावर लावावी लागेल का, आणि नंतर शौचावर ताबा कसा राहील. अगदी खालच्या जोडानंतर अनेकांना दिवसातून बऱ्याचदा, घाईने जावं लागतं. हे आधीच माहीत असलेली माणसं त्याला धीराने तोंड देतात.

प्रश्न : आईची आतड्याची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली, चौथ्या दिवशी घरी सोडलं. तिचा उजवा खांदा दुखायचा, तो आता बरा आहे. पण एवढ्या लवकर घरी पाठवणं सुरक्षित असतं का?

उत्तर : खांद्याचं कारण साधं आहे. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात. त्याने श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला पडदा, चुरचुरतं, आणि त्याची नस खांद्याच्या नसांबरोबरच मानेतून निघते. दोन-तीन दिवसांत ते थांबतं.

खाणं पचतंय, वायू सरतोय, गोळ्यांवर दुखणं आवरतंय आणि ती चालतेय, तर चौथा दिवस लवकर नाही. फक्त एक गोष्ट तुम्हाला कळायला हवी. जोड गळला तर त्याची लक्षणं बऱ्याचदा पाचव्या ते सातव्या दिवसाच्या आसपास दिसतात, म्हणजे ती आता वॉर्डात नाही, तुमच्यासमोर दिसतील. ताप, जलद नाडी, पोट फुगणं, उलटी, कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढणं, लघवी कमी होणं, किंवा नुसतं ‘मला बरं वाटत नाही’ म्हणून तिने अंथरूण धरणं. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. खांदा पुन्हा दुखू लागला आणि सोबत ताप असेल, तर तो वायूचा समजू नका. रात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा, हे आजच वॉर्डातून लिहून घ्या. शस्त्रक्रिया कॅन्सरची असेल तर रक्त गोठू नये म्हणून बहुधा चार आठवडे इंजेक्शनं दिली असतील. ती मधेच बंद करू नका.