मांजराचं नवं पिल्लू: घरी थांबायचं की डॉक्टर गाठायचे?

पावसाच्या तोंडावर व्यायलेल्या मांजरींची पिल्लं आता पडवीतून घरात आली आहेत आणि या वेळचे बहुतेक प्रश्न त्यांचेच आहेत. प्रत्येक पत्रात कुठे ना कुठे विचारलंय, 'उद्यापर्यंत वाट बघू का?' मोठं मांजर एखादा दिवस न खाता तग धरतं. अर्धा किलोच्या पिल्लाच्या अंगात तेवढी शिल्लकच नसते. त्याच्या दुखण्याचा हिशेब तासांत करायचा, हे धरून पुढची उत्तरं वाचावीत.

प्रश्न: दीड महिन्याचं पिल्लू आठवड्यापूर्वी आणलं. कालपासून पातळ जुलाब होतायत. थोडंफार खेळतं, पण आज सकाळी दूध प्यायलं नाही. आम्ही गाईचं दूध देतो. घरातली मोठी माणसं म्हणतात जंत असतील, किराईत द्या. दवाखान्यात न्यायला हवं का? (वाचक, देवगड)

दूध प्यायलं नाही, ही गोष्ट तुम्ही शेवटी सांगितलीत, पण सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला जुलाब होत असतील आणि त्याने एक वेळचं खाणं जरी टाळलं, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. तुमचं पिल्लू आजच न्या.

जुलाब नुसत्या दुधानेही होतात. आईचं दूध सुटू लागलं की पिल्लाची दुधातली साखर पचवायची ताकद कमी होत जाते आणि गाईच्या दुधात ती साखर मांजरीच्या दुधापेक्षा जास्त असते. पण दुधाने बिघडलेलं पिल्लू भुकेलं असतं, शेपटी वर करून पायात घुटमळतं. अशा पिल्लाचं दूध बंद करावं, बिनमिठाचं, बिनमसाल्याचं उकडलेलं कोंबडीचं मांस बारीक करून दर तीन-चार तासांनी थोडं थोडं द्यावं, शेजारी पाणी ठेवावं आणि एक दिवस बघावं. उपाशी मात्र ठेवू नये. एका दिवसात शी घट्ट व्हायला लागली नाही, तर न्यायचंच.

जंतही असू शकतात. पोट टम्म आणि बरगड्या दिसतायत, उलटीत किंवा शीत शेवयांसारखे पांढरे जंत पडले, तर शंकाच नको. पण किराईत देऊ नका. मांजराचे गोल जंत त्याने जात नाहीत आणि कडू काढा घशात ओतताना ठसका लागून तो फुप्फुसात जातो. जंताचं औषध वजनावर मोजून देतात. पिल्लू दोन आठवड्यांचं झालं की ते सुरू करता येतं आणि दर दोन आठवड्यांनी परत द्यावं लागतं, कारण एका डोसाने पोटातले मोठे जंत पडले तरी अंगात फिरणाऱ्या अळ्या मागाहून आतड्यात येतात. माणसांची जुलाब थांबवायची गोळी तर अजिबात नको.

खरी भीती आहे ती मांजरांच्या पार्व्होची. नवं पिल्लू घरी आल्यावर साधारण आठवडाभरात दिसणारा हा रोग. आधी पिल्लू मलूल होतं, ताप येतो, मग पिवळसर फेसाच्या उलट्या, मग घाण वासाचे, कधी रक्ताचे जुलाब. पिल्लू पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसतं, पण पीत नाही. ही खूण दिसली की रात्र काढू नका. हा विषाणू आतडं आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी दोन्हींवर घाला घालतो आणि लहान पिल्लू एक-दोन दिवसांत जाऊ शकतं. थेट विषाणूवर गोळी नाही. सलाईन, उलटी थांबवायचं इंजेक्शन आणि प्रतिजैविकं यांवरच पिल्लू तरतं आणि ती जितकी लवकर मिळतील तितकी आशा जास्त.

घरी दोन गोष्टी तपासता येतात. ओठ उचलून हिरडीवर बोट ठेवा. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओलसर असते. ती चिकट, कोरडी लागली तर अंगातलं पाणी कमी झालंय. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवा. दुसरी गोष्ट वजन. स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर वाडगा ठेवून रोज एकाच वेळी वजन करा. महिन्याच्या पिल्लाचं वजन साधारण ४०० ते ४५० ग्रॅम असतं आणि पुढे आठवड्याला शंभरएक ग्रॅमने वाढतं. पिल्लू खेळत असलं तरी वजन घटलं, तर काहीतरी बिघडलंय असंच समजा. बाकीच्या खुणा बऱ्याचदा त्यानंतर दिसतात.

प्रश्न: रात्रीच्या पावसात जेटीजवळ भिजलेलं पिल्लू सापडलं. डोळे उघडलेत, नीट चालता येत नाही. अंग गार आहे. ड्रॉपरने दूध घातलं तर बाहेर येतं. काय करू? (वाचक, हर्णै)

दूध थांबवा. गार पडलेल्या पिल्लाचं आतडं काम करत नाही. दूध पोटात तसंच राहतं, नाहीतर श्वासनलिकेत जातं. आधी ऊब, मग साखर, दूध त्यानंतर.

पिल्लू कोरडं पुसून खोक्यात ठेवा. गरम पाण्याची बाटली टॉवेलच्या दोन घड्यांत गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे चटका वाटला तर त्याला सरकता येईल. चुलीजवळ ठेवू नका. ऊब हळूहळू, तासा-दोन तासांत यायला हवी. घरात डिजिटल थर्मामीटर असेल तर टोकाला खोबरेल लावून गुदद्वारात सेंटीमीटरभर धरा (हे थर्मामीटर मग पिल्लासाठीच ठेवायचं). ९७ अंश फॅरेनहाइटच्या वर येईपर्यंत दूध नाही. पिल्लू लुळं असेल, तर चमचाभर साखर दोन-तीन चमचे कोमट पाण्यात विरघळवून बोटाने हिरड्यांना चोळा. तोंडात ओतू नका. रक्तातली साखर उतरलेलं पिल्लू याने कधी कधी पाच-दहा मिनिटांत मान उचलतं. उचलो न उचलो, ऊब देत देत डॉक्टरांकडे निघा.

दूध सुरू कराल तेव्हा पिल्लू पोटावर पालथं हवं, जसं ते आईला पितं. तान्ह्या बाळासारखं उताणं धरून पाजल्याने दूध फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. पाजल्यावर नाकातून दूध आलं, श्वासाचा घुर्र आवाज यायला लागला, तर तेही त्याच दिवशी दाखवायचं. दूध शक्यतो मांजराच्या पिल्लांसाठी मिळणाऱ्या पावडरीचं घ्या. तीन आठवड्यांचं, ३०० ग्रॅमचं पिल्लू एका वेळी १२ मिलीच्या आसपास पितं आणि दिवसातून सहा वेळा लागतं. या वयात शी-शूसुद्धा आपण करवावी लागते: प्रत्येक वेळी पाजल्यावर कोमट ओल्या कापसाने मागची जागा हलकेच पुसा.

प्रश्न: पिल्लाच्या अंगावर पिसवा खूप आहेत. कुत्र्याची पिसवांची पावडर घरात आहे, ती चालेल का? की फिनेलच्या पाण्याने आंघोळ घालू? (वाचक, अलिबाग)

दोन्ही नको, कृपा करून नको. कुत्र्यांच्या कित्येक पावडरी आणि मानेवर टाकायच्या औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. मांजराचं यकृत ते निकामी करू शकत नाही. काही तासांत अंग थरथरतं, झटके येतात, पिल्लू मरतं. फिनेलचंही तेच. काळं फिनेल आणि पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी जंतुनाशकं मांजराला विषारी असतात. त्याने पुसलेल्या ओल्या लादीवरून पिल्लू चाललं आणि पाय चाटले, तरी जिभेला फोड येतात, लाळ गळते. पिल्लू घरात असेतो लादी साध्या पाण्याने पुसा.

पिल्लू महिन्याच्या वरचं आणि धडधाकट असेल, तर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब घालून न्हाऊ घाला. पहिल्यांदा मानेभोवती फेसाचं कडं करा, नाहीतर पिसवा पाणी लागताच डोक्याकडे पळतात. मग बारीक दातांची फणी फिरवा, फणी साबणाच्या पाण्यात बुडवत राहा आणि पिल्लू लगेच पूर्ण कोरडं करा. त्याहून लहान असेल तर नुसती फणी. अंथरूण उकळत्या पाण्यात धुवा. पिसवांची अंडी पिल्लावर कमी आणि अंथरुणात, सारवलेल्या जमिनीच्या भेगांत जास्त असतात. औषध हवंच असेल तर वय आणि वजन सांगून डॉक्टरांकडूनच घ्या.

मात्र हे सगळं करण्याआधी हिरड्या बघा. पिसवा रक्त पितात आणि पिल्लाच्या अंगात रक्त असतंच किती! हिरड्या फिकट किंवा पांढऱ्या असतील, पिल्लू निपचित पडत असेल, तर आंघोळही नको, थेट दवाखाना. काही पिल्लांना रक्त चढवावं लागतं.

प्रश्न: गळाला लावलेला मासा पिल्लाने पळवला. गळ मिळाला, पण तोंडातून तंगुसाचा (गळाच्या नायलॉन दोऱ्याचा) तुकडा लोंबतोय. ओढून काढू का? (वाचक, मालवण)

ओढू नका. दुसरं टोक जिभेखाली अडकलेलं असतं किंवा आतड्यात उतरलेलं असतं आणि ओढल्यावर तंगूस आतडं आतून कापतो. बाहेरचं टोक थोडं ठेवून कातरा, म्हणजे पिल्लू पायाने खेचणार नाही, आणि आजच न्या. गुदद्वारातून दोरा दिसला तरी हाच नियम. बहुतेकदा शस्त्रक्रिया लागते, आणि उलट्या सुरू व्हायच्या आत झाली तर पिल्लू चांगलं सावरतं.

मासळीचा विषय निघालाच आहे म्हणून: किनाऱ्यावर टाकून दिलेला केंड (अंग फुगवणारा विषारी मासा) पिल्लाच्या तोंडी लागू देऊ नका. त्याच्या विषाने स्नायू लुळे पडतात, श्वास थांबतो. त्यावर उतारा नाही. आणि रोज नुसती कच्ची मासळी हाही आहार नव्हे. काही माशांतला घटक बी-१ जीवनसत्त्व नष्ट करतो. मग पिल्लाची मान खाली झुकते, चाल झोकांडते. मासे उकडून, काटे काढून, बाकीच्या खाण्यासोबत द्या. खारवलेली सुकी मासळी नकोच.

प्रश्न: पिल्लू शिंकतं, डोळे चिपडांनी चिकटतात. अंगही गरम लागतं. मुलांचं तापाचं सिरप थोडंसं दिलं तर? घरात डोळ्यांचे थेंबही आहेत. (वाचक, गुहागर)

पॅरासिटामॉल मांजराला थेंबभरही नाही. त्याने मांजराचं रक्त प्राणवायू वाहून न्यायचं थांबतं. हिरड्या तपकिरी-निळसर होतात, तोंड आणि पंजे सुजतात. कुणी आधीच दिलं असेल, तर लक्षणांची वाट न बघता बाटली घेऊन निघा, त्यावर उपचार आहेत. आयबुप्रोफेनही तसंच घातक.

चिपडांसाठी अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट चमचाभराहून थोडं कमी मीठ घाला. कापूस भिजवून डोळ्यावर मिनिटभर धरा, मग नाकाकडून बाहेर पुसा. प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस. नाक चोंदलेल्या पिल्लाला वास येत नाही आणि वास आला नाही तर ते खात नाही, म्हणून खाणं जरा कोमट करून द्या. शिंकत असूनही खात-खेळत असेल तर दोन दिवस असं चालेल. डोळा उघडतच नसेल, बुबुळ निळसर किंवा दुधी दिसत असेल, तर त्याच दिवशी न्या. घरातले थेंब घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर जखम असेल, तर डोळा जाऊ शकतो. डोळे न उघडलेल्या तान्ह्या पिल्लाच्या पापण्या फुगल्या, तर आत पू आहे. तिथेही थांबायचं नाही.

महिन्याच्या वरच्या पिल्लाचं तापमान १००.५ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असतं, म्हणजे आपल्या हाताला ते नेहमीच गरम लागतं. १०३.५ च्या वर किंवा ९९.५ च्या खाली गेलं तर दवाखाना.

प्रश्न: रस्त्यावरून आणलेलं पिल्लू खेळताना मुलीला चावलं, थोडं रक्त आलं. पिल्लू बरं दिसतंय. (वाचक, वेंगुर्ले)

पिल्लाआधी मुलगी. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. आजच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. रेबीजची लस तिथे मिळते आणि किती डोस ते डॉक्टर ठरवतील. पिल्लू बरं दिसतं म्हणून थांबू नका. पिल्लू बांधून ठेवू नका, सोडूनही देऊ नका, घरात वेगळं ठेवून १० दिवस लक्ष ठेवा. लाळ, विचित्र ओरडणं, मागचे पाय लुळे पडणं, उगाच अंगावर येणं दिसलं तर हात न लावता डॉक्टरांना कळवा. पिल्लाची स्वतःची रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर. पार्व्हो आणि सर्दीची एकत्र लस सहा-आठ आठवड्यांपासून, दर तीन-चार आठवड्यांनी, १६ आठवड्यांपर्यंत.

प्रश्न: आमच्या गावापासून मांजरं बघणारे डॉक्टर दीड तासावर आहेत. न्यायचं तर कसं, काय सांगायचं? (वाचक, राजापूर तालुका)

आजारपण यायच्या आधी एक काम करा. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर कोणत्या वेळेला असतात, मांजराला सलाईन लावतात का, रविवारी कोण असतं, हे विचारून नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

तोंड उघडून श्वास घेणं, झटके, फुरसं किंवा दुसरा साप चावल्याची शंका, पांढऱ्या किंवा निळ्या हिरड्या, हाक मारूनही न उठणं: यात फोन गाडीत बसल्यावर करायचा. सापाच्या जखमेवर चीर नको, आवळून बांधणं नको. झोपेत छाती मिनिटाला चाळीसच्या वर हलत असेल तरीही निघायचं. इतर वेळी आधी फोन करा आणि एवढं सांगा: अंदाजे वय, वजन, शेवटचं कधी आणि काय खाल्लं, उलट्या-जुलाब किती आणि कधीपासून, लघवी झाली का, कोणतं औषध दिलं. लपवू नका, डॉक्टर रागावतील म्हणून गोळी दिल्याचं न सांगणं पिल्लाला महाग पडतं.

न्यायला आंब्याची रिकामी पेटी उत्तम. फटींतून हवा येते, फक्त खिळे आत आलेले नाहीत ना बघा आणि झाकण दोरीने बांधा. तळाला टॉवेल, एका बाजूला गुंडाळलेली कोमट बाटली. ताजी शी छोट्या डबीत घ्या, त्यावरून जंत तपासता येतात. दिलेल्या औषधाची बाटली किंवा पाकीट, आणि विष खाल्ल्याची शंका असेल तर त्याचा डबाही सोबत घ्या. पार्व्होची शंका असेल तर पिल्लू बाकीच्या जनावरांत नेऊ नका, पेटी गाडीतच ठेवून आधी आत वर्दी द्या. घरी आल्यावर पेटी आणि जमीन आधी धुवा, मग लिटरभर पाण्यात ३० मिली ब्लीच घालून पुसा, दहा मिनिटं तसंच ठेवा, परत पाण्याने धुऊन वाळू द्या. त्यात फिनेल किंवा संडासचं ॲसिड मिसळू नका, विषारी वायू होतो. हा विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो, तेव्हा लस पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू तेवढ्यात त्या घरात आणू नका.