आरपीजी या आयबीएमच्या प्रोग्रामिंग भाषेत डेटा स्ट्रक्चर (फील्डांचा एकत्र गट) कसं लिहावं: डी-स्पेक की डीसीएल-डीएस?

सांगलीतल्या हळद अडतीच्या पावतीचं स्ट्रक्चर नव्यानं लिहिताय, तर सरळ 'डीसीएल-डीएस' (फ्री-फॉर्म, म्हणजे रकान्यांचं बंधन नसलेली नवी पद्धत) वापरा आणि सोबत 'क्वालिफाइड' लावाच, 'पावती.वजन' वाचलं की फील्ड कुणाचं ते लगेच कळतं. जुन्या डी-स्पेकमध्ये (ठरलेल्या रकान्यांत लिहायची पद्धत) टाइपचा रकाना कोरा ठेवला, तर दशांशाचं फील्ड स्ट्रक्चरच्या आत झोन्ड (एका अंकाला एक बाइट) होतं आणि बाहेर सुटं असेल तर पॅक्ड (एका बाइटात दोन अंक). लोक फसतात ते इथंच. फ्री-फॉर्ममध्ये 'पॅक्ड(९:२)' (एकूण ९ अंक, त्यांत २ दशांश) असं उघड लिहावंच लागतं. जागा ५ बाइट. तोच साचा दुसरीकडे हवा असेल तर 'लाइकडीएस', पण त्यात सुरुवातीची मूल्यं आपोआप येत नाहीत, 'इन्झ(*लाइकडीएस)' द्यावं लागतं. मात्र 'डीसीएल-डीएस'साठी ऑपरेटिंग सिस्टिम निदान आयबीएम आय ७.१, तीही टीआर७ (टेक्नॉलॉजी रिफ्रेश ७ हा अपडेट) लावलेली हवी. त्याहून जुनी असेल तर डी-स्पेकच, टाइपचं अक्षर न विसरता.