भयपट पाहायला सुरुवात करतोस, तर एवढं ऐक

पहिल्याच दिवशी रक्ताच्या चिळकांड्यांवर जाऊ नकोस, मन मरतं. आधी 2003 चा 'भूत' बघ. त्यात एकही गाणं नाही, नुसती मुंबईतली उंच इमारत आणि जोडप्याचा फ्लॅट. तरी अंगावर काटा येतो! भीती कानातून शिरते रे. मोबाइलच्या स्पीकरवर बघशील तर अर्धा सिनेमा गेलाच. आवाज थांबला की पात्राकडे नको, त्याच्या मागच्या दाराकडे बघ.

मग 'तुंबाड', महाराष्ट्रातल्या एका गावातली भयकथा. आपण गोंयकार, म्हणजे गोव्याची, गाव राखणाऱ्या राखणदाराला रोट (जाड भाकरी) ठेवणारी माणसं, त्यामुळे मातीतलं भय आपल्याला लगेच कळतं. परदेशी सैतान मला तरी परकाच वाटतो.

आणि नोव्हेंबरात पणजीला इफ्फीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, एखादा भयपट लागला, तर सोडू नकोस. घरच्या टीव्हीवर काळोख करडा दिसतो.