छंद आणि कारागिरी : वाचकांचे प्रश्न
पितळ आणि पियानो वायरची स्लॉट कार

प्रश्न : माझ्याकडे फोर्ड जीटी४० या गाडीचे १:२४ प्रमाणातील पातळ, पारदर्शक प्लास्टिकचे कवच आहे. त्याखाली बसेल अशी, १९६०च्या दशकातील पद्धतीची स्लॉट कारची (मार्गावरील खाचेतून विजेवर धावणाऱ्या छोट्या गाडीची) चॅसिस, म्हणजे तळाचा सांगाडा, मला स्वतः घडवायची आहे. मोटर, चाके, गिअर आणि गाईड (खाचेत शिरून गाडीला वळवणारा पुढचा तुकडा) विकत घेतले आहेत. सुरुवात कोठून करावी? (एक वाचक, पुणे)

उत्तर : सुरुवात धातूपासून न करता गाडी कोणत्या वर्षाची, ते ठरवण्यापासून करावी. विजेवर खाचेतून धावणारी ‘स्केलेक्स्ट्रिक’ ही खेळण्यातली गाडी ब्रिटनमध्ये १९५७ साली आली. तिचा प्रसार घराघरांतल्या खेळण्यांत झाला, परंतु आपण म्हणता ती कारागिरी वाढली अमेरिकेत. तेथे १९६०च्या दशकाच्या मध्यात पैसे देऊन गाडी चालवण्याचे मोठमोठे लाकडी मार्ग ठिकठिकाणी सुरू झाले. त्या मार्गांवर कारखान्यातून आलेल्या चॅसिस कमी पडू लागल्या, तेव्हा शर्यतपटूंनी पितळी पट्ट्या, पितळी नळ्या आणि पियानो वायर (कडक, लवचीक पोलादी तार) घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वतःच्या चॅसिस जोडायला सुरुवात केली. १९६८च्या सुमारास मोटर तिरकी बसवण्याची रीत आली आणि सारी मांडणीच बदलली. जीटी४०ने फ्रान्समधील ल मान्सची शर्यत प्रथम १९६६ साली जिंकली. त्यामुळे आपल्या कवचाला शोभते ती तिरक्या मोटरच्या आधीची, म्हणजे मोटर गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेली साधी रचना. पहिल्या प्रयत्नासाठी मी तरी तिचाच आग्रह धरेन.

मूळ जीटी४०च्या पुढच्या व मागच्या आसांतील अंतर ९५ इंच, म्हणजे सुमारे २४१३ मिलिमीटर होते. त्याला २४ने भागले की १००.५ मिलिमीटर येतात. तरीही आकड्यावर विसंबून न राहता कवचाच्या चाकांच्या कमानींच्या मध्यांमधील अंतर प्रत्यक्ष मोजावे, कारण साच्यातून ओढलेली कवचे मूळ मापांशी नेहमीच प्रामाणिक नसतात. मग जाड कागदावर पूर्ण आकाराचा आराखडा काढून तो सपाट लाकडी फळीवर चिकटवावा आणि फळीत बारीक खिळे ठोकून तारा व पट्ट्या जागच्या जागी धरून ठेवाव्यात. लोखंडी पाटावर डाख देऊ नये, कारण तो पाट सगळी उष्णता ओढून घेतो आणि सांधा थंड राहतो.

पहिला घडवायचा भाग म्हणजे मागचा आधार. मोटर आणि मागचा आस या दोहोंना एकाच पितळी तुकड्याने धरले पाहिजे. हे दोन वेगळ्या भागांवर बसवले, तर चॅसिस वाकताच मोटरचे पिनियन (छोटे दातेरी चाक) आणि आसावरचे क्राउन गिअर (त्यात काटकोनात अडकणारे मोठे दातेरी चाक) एकमेकांपासून दूर सरकतात आणि दाते झिजतात. सुमारे दीड मिलिमीटर जाडीची पितळी पट्टी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवावी, मधल्या भिंतीत मोटर बसवावी आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींत आसाची बुशिंगे (ज्यांत आस फिरतो त्या कड्या) बसतील अशी भोके पाडावीत. १:२४च्या गाड्यांचा आस परंपरेने १/८ इंचाचा, म्हणजे ३.१७५ मिलिमीटरचा असतो. तीन मिलिमीटरच्या नळ्या आणून फसगत करून घेऊ नये. मोटरच्या दांड्याची मध्यरेषा आसाच्या मध्यरेषेला बरोबर काटकोनात मिळाली पाहिजे, आणि उंचीतही दोन्ही रेषा एकाच पातळीवर हव्यात. यासाठी गुण्या लावून तपासावे, डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नये. दात्यांमधील फट ठरवताना साध्या कागदाची पट्टी मध्ये घालावी. ती काढल्यावर उरते तेवढी सैलाई पुरेशी असते.

यानंतर दोन्ही बाजूंना पियानो वायरचे कणे येतात. येथे एक गणित ध्यानात ठेवावे : गोल तारेचा ताठपणा तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणून १.६ मिलिमीटरची तार १.२ मिलिमीटरच्या तारेपेक्षा दिसायला जराशीच जाड असली, तरी तिच्या तिप्पटीहून थोडी अधिक ताठ असते. प्रत्येक बाजूला १.६ मिलिमीटरच्या दोन तारा शेजारी शेजारी ठेवाव्यात आणि त्यांना फक्त टोकांशी डाख द्यावा. मधली लांबी मोकळी राहिली, तर चॅसिस वळणावर किंचित पिळली जाते आणि मागची दोन्ही चाके मार्गाला टेकून राहतात. हौसेने संपूर्ण लांबीभर डाख ओतला की दोन तारांची एक जाड सळई होते आणि ती तार निवडताना केलेला सगळा विचार वाया जातो.

पुढे गाईडसाठी खाली झुकणारा दांडा बसवावा. एका छोट्या पितळी नळीतून तार ओवली की त्याची बिजागरी तयार होते. मार्ग उंचसखल असला तरी या दांड्यामुळे गाईड खाचेत राहतो आणि त्याच्या तांब्याच्या वेण्या खाचेच्या दोन्ही बाजूंच्या विजेच्या पट्ट्यांना टेकून राहतात. गाईड कवचाच्या नाकाखाली बसेल तितका पुढे घ्यावा. मागच्या आसापासून तो जितका लांब, तितकी गाडीची शेपटी घसरल्यावर सावरायला अवधी मिळतो. चॅसिस आणि मार्ग यांत दीड मिलिमीटरच्या आसपास मोकळी जागा ठेवावी. त्याहून खाली गेलेली पितळी चॅसिस विजेच्या दोन्ही पट्ट्यांना एकाच वेळी टेकली, तर शॉर्टसर्किट होते.

प्रश्न : पितळाला डाख सहज बसतो, पियानो वायरवर मात्र तो मोत्यासारखा गोळा होऊन गळून पडतो. गॅसच्या ज्योतीने तापवून पाहावे काय? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ज्योत मुळीच वापरू नये. पियानो वायरमधील स्प्रिंगचा गुण तिच्या घडणीच्या वेळी आलेला असतो आणि तार लाल होईपर्यंत तापली की तो नाहीसा होतो. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असलेला डाख १८३ अंश सेल्सियसला वितळतो, आणि तेवढ्या उष्णतेने तारेचे फारसे बिघडत नाही. अडचण उष्णतेची नसून तारेवरच्या तेलाची आणि ऑक्साइडच्या थराची आहे. तार बारीक पॉलिश कागदाने चकचकीत होईपर्यंत घासावी, स्पिरिटने पुसावी आणि त्यानंतर उघड्या बोटांनी धरू नये. इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाचा रोझिन फ्लक्स (डाख धरावा म्हणून लावायचा राळेचा लेप) पोलादाला पुरत नाही. येथे झिंक क्लोराइडचा आम्लयुक्त फ्लक्स लागतो. कल्हईवाले ज्या नवसागराने भांडे स्वच्छ करतात, तोही अशा कित्येक फ्लक्समध्ये मिसळलेला असतो. ६० ते ८० वॅटचे, रुंद टोकाचे सोल्डरिंग आयर्न घ्यावे. बारीक टोकाचे २५ वॅटचे आयर्न सांध्यावर बराच वेळ धरून ठेवावे लागते आणि तोवर शेजारचा सांधा सैल होतो.

डाख देताना मोटर आणि बुशिंगे काढून ठेवावीत, कारण आम्लाची वाफ तेथपर्यंत पोचते आणि गंज धरवते. काम संपताच चॅसिस गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने धुवावी, पूर्ण वाळवावी आणि तारांना तेलाचा हलका हात द्यावा. हे त्याच दिवशी झाले पाहिजे. खिडकी उघडी ठेवावी, शिशाचा डाख हाताळल्यावर हात धुवावेत आणि तार कापताना चष्मा लावावा, कारण तुटलेला तुकडा वेगाने उडतो. साध्या पकडीचे पातेही या तारेने खचते. कटिंग डिस्क वापरणे बरे.

प्रश्न : आधुनिक गाड्यांप्रमाणे तळाशी चुंबक लावला तर पकड वाढेल काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ज्या मार्गाच्या पट्ट्या लोखंडी अथवा पोलादी आहेत, तेथेच त्याचा उपयोग होईल. लाकडी मार्गावरील तांब्याला चुंबक धरत नाही. शिवाय त्या काळच्या गाडीची पकड टायर आणि खाली ठेवलेल्या वजनातूनच आली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : तयार झालेली गाडी सरळ रस्त्यावर उत्तम पळते, परंतु वळणात मागची बाजू टकटक करत उसळते. कवच चार स्क्रूंनी घट्ट बसवले आहे. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : प्रथम मोटर, चाके व गाईड काढून रिकामी चॅसिस जाड काचेवर ठेवावी आणि चारही कोपरे बोटाने दाबून पाहावेत. एखादा कोपरा डुलला, तर तो सांधा पुन्हा तापवून चॅसिस सपाट करावी. पिळलेल्या चॅसिसवर इतर उपाय करणे व्यर्थ आहे. त्यानंतर आस वाकलेला नाही ना आणि टायर पूर्ण गोल आहेत ना, ते पाहावे. टायर गोल नसतील, तर मागची चाके सपाट पट्टीवर चिकटवलेल्या पॉलिश कागदावर हलकेच टेकवून मोटर कमी वेगाने फिरवावी.

हे सगळे ठीक असूनही उसळी राहिली, तर दोष बहुधा त्या चार स्क्रूंचा आहे. घट्ट आवळलेले कवच चॅसिसला पिळू देत नाही आणि टायरची थरथर थेट गाडीच्या वरच्या भागात जाते. चॅसिसच्या दोन्ही बाजूंना बारीक नळ्या डाखून त्यांतून टाचण्या घालाव्यात आणि कवचाची भोके टाचणीहून किंचित मोठी ठेवावीत, म्हणजे कवच अर्धा-एक मिलिमीटर हलेल. पुढे १९६०च्या दशकाच्या अखेरीस कारागिरांनी याच विचाराने बाजूच्या पितळी पट्ट्यासुद्धा बिजागरीवर टांगायला सुरुवात केली. गाडी उसळण्याऐवजी सरळ कलंडत असेल, तर मात्र वजन फार उंचावर आहे. अशा वेळी कवचाचा रंग पातळ ठेवावा, चालकाची आकृती हलकी घ्यावी आणि शिशाची पातळ पट्टी कण्यांच्या बाहेरच्या बाजूला, शक्य तितकी खाली लावावी.